रेडिएशनच्या मास्कची भीती: अप्पांना सोमवारी नेण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ५८ वर्षांचे, पाचोरा तालुक्यात शेती, माळकरी माणूस. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय आणि आता रेडिएशनचे ३० शेक सांगितलेत. शेकाच्या वेळी डोकं-मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवतात, गेल्या आठवड्यात तो करताना ते मध्येच उठायला लागले. तेव्हापासून म्हणतात, "त्या जाळीत मला पुन्हा घालू नका, घरी मेलो तरी चालेल." सोमवारी पहिला शेक आहे. मास्कशिवाय होईल का, श्वास कोंडेल का, भूल देऊन करतात का, हे तुम्ही विचारलंय.

मी गेली एकवीस वर्षं रेडिएशन टेक्नॉलॉजिस्टचं काम करते, त्यातली बहुतेक खानदेशातच. मास्क बनवणं, रोज तो लावणं आणि काढणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. पण त्या जाळीखाली माणसाचं काय होतं ते मी रोज हातभर अंतरावरून बघते.

आधी थेट उत्तरं देते. गालाचा आणि मानेचा शेक मास्कशिवाय नीट देता येत नाही. श्वास कोंडत नाही. लहान मुलांना रोज भूल देतात, मोठ्या माणसाला सहसा लागत नाही. मन शांत करणारी गोळी मात्र डॉक्टर देऊ शकतात. आणि अप्पांची भीती जाण्यासारखी आहे. त्यासाठी शनिवार-रविवार हाताशी आहेत, ते वाया घालवू नका.

घरात कुणी त्यांना "एवढं काय घाबरायचं" म्हणत असेल तर ते आजपासून बंद करा. विहिरीत उतरून फूटव्हॉल्व काढणारी माणसं, बिबट्याची चाहूल असताना रात्री केळीला पाणी देणारी माणसं मी या टेबलावर थरथरताना पाहिली आहेत. तोंडावर काहीतरी घट्ट बसलं की शरीर धडपडतंच, धीट माणसाचंसुद्धा. त्यात अप्पांचं गालाचं ऑपरेशन ताजं आहे, तोंड पूर्ण उघडत नसेल, गिळताना त्रास असेल. अशा माणसाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी काय आलं ते तुम्ही बाहेर बसल्यामुळे पाहिलं नसेल, म्हणून सांगते.

मास्कची पट्टी मुळात पांढरी, कडक, भोकाभोकांची असते. साधारण ६५ ते ७० अंशांच्या गरम पाण्यात काही मिनिटं ठेवली की ती आरपार दिसायला लागते आणि लुळी पडते, उन्हात वाळत घातलेल्या ओल्या बिबड्यासारखी, म्हणजे ज्वारीच्या पापडासारखी. आम्ही ती टॉवेलवर टिपतो, स्वतःच्या मनगटाला लावून बघतो, आणि दोघं जण दोन बाजूंनी धरून चेहऱ्यावरून खाली ओढतो. खटाखट क्लिपा लागतात. मग चार हात एकदम चेहऱ्यावर येतात. नाकाचा दांडा, कपाळ, हनुवटी, खांदे, सगळीकडे बोटांनी दाबून आकार घ्यावा लागतो, कारण पट्टी दोन-तीन मिनिटांत आपला आकार धरायला लागते. पहिल्यांदा गरम ओल्या रुमालासारखं वाटतं. नंतर ती गार होत जाते आणि गार होताना किंचित आक्रसते.

बहुतेक माणसं घाबरतात ती इथे. मऊ होतं ते कडक झालं, सैल होतं ते आवळलं, आणि आता हे असंच आवळत जाणार असं वाटतं. ते तेवढ्यावरच थांबतं हे आधी कुणी सांगितलं नसेल तर डोळे मिटून पडलेल्या माणसाला कळणार कसं? अप्पा उठायला लागले ते बहुधा याच वेळी.

हे त्यांना समोर बसवून सांगा. सोमवारी गरम पाणी नसणार, चेहरा दाबणारे हात नसणार, आणि घट्ट झालेली जाळी रोज आणखी घट्ट होणार नाही. मास्क करण्याचा दिवस सगळ्यात जड असतो आणि तो होऊन गेलाय. पहिल्या दिवशी फोटो काढून जागा तपासायला वेळ लागतो, अर्धा तासही जातो. त्यानंतर रोजचं काम साधारण दहा-पंधरा मिनिटांचं, आणि त्यातला प्रत्यक्ष शेक काही मिनिटांचाच. आपल्याकडे 'शेक' म्हणतात म्हणून लोकांना वाटतं आत भाजणार. शेक चालू असताना काहीही जाणवत नाही, ना गरम, ना चटका. मशीन गुंऽऽ असा आवाज करत बाजूने फिरतं, अंगाला लागत नाही. खोली गार असते. पायावर शाल मागा, देतात.

आता एवढं करायचंच कशाला, हे अप्पांना कळलं पाहिजे. ते शेतकरी आहेत, त्यांना कारण सांगितलं तर पटेल. ऑपरेशननंतर बहुतेक वेळा ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) डोस ३० भागांत देतात, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे. ज्या जागी हा डोस हवा तिच्या शेजारीच लाळेची ग्रंथी असते, जबड्याचं हाड असतं, मागे मणक्यातली मज्जारज्जू असते. मज्जारज्जूला ४५ ते ५० ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नसतं. आजची मशीनं डोसला कडेनं तासल्यासारखी धार देतात, म्हणून लाळ आणि चव थोडी तरी वाचवता येते. पण या सगळ्यात आम्ही धरलेली मोकळीक फक्त ३ ते ५ मिलीमीटरची असते. मान तांदळाच्या दाण्याइतकी सरकली तरी हिशेब बिघडतो. आणि ती एकदाच नव्हे, तीसही दिवस त्याच जागी यायला हवी. मन लावून स्थिर पडून राहीन म्हटलं तरी गिळताना, खोकताना, डुलकी लागताना मान हलतेच. जाळी ते सांभाळते. शिवाय लेझरच्या रेषा जुळवायच्या खुणा जाळीवर असतात, त्यामुळे अप्पांच्या चेहऱ्यावर शाईचे पट्टे घेऊन गावात फिरावं लागत नाही.

श्वासाचं सांगते. जाळीला शेकडो भोकं असतात, मच्छरदाणीतून येते तशी हवा येते. नाक मोकळं राहतं. हनुवटी धरलेली असल्यामुळे तोंड मात्र मोठं उघडता येत नाही. म्हणून ज्याचं नाक चोंदलेलं असतं त्याला खरोखरच त्रास होतो, तो मनाचा खेळ नसतो. नाकातून नळी घातलेली असेल तर एक नाकपुडी आधीच अडलेली असते. अप्पांना सर्दी असेल, नाकाचं हाड वाकडं असेल, तर सोमवारी टेबलावर जाण्याआधी सांगा, डॉक्टर थेंब देतात. गरज पडली तर नाकातोंडाजवळची किंवा डोळ्यांवरची जाळी आम्ही कापून मोकळी करतो. कुठं आणि किती कापायची हे तिथल्या लोकांनाच ठरवू द्या, कारण खरी पकड कपाळ, नाकाचा दांडा आणि हनुवटीवर असते. पण मागायला संकोच करू नका. डोळ्यांचं अजून एक: मास्क येण्याआधीच डोळे मिटायला सांगा. उघडे ठेवले तर पापण्या जाळीला घासतात आणि तिथूनच घालमेल सुरू होते.

मी माझी एक चूक सांगते, म्हणजे पुढचं मी का इतकं धरून बसते ते कळेल. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. सातपुड्यातल्या एका पाड्यावरची बाई आली होती. घरी पावरी बोलायची, मराठी तिला तुटक कळायचं. तिला हिंदी-मराठीत भराभर सांगितलं, "हलायचं नाही, काही झालं तर हात वर करा," आणि दार लावून मी बाहेर आले. तिनं मान हलवली होती, मी धरलं की समजलं. मशीन फिरायला लागल्यावर स्क्रीनवर तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडा घट्ट धरून असलेले दिसले. हात वर गेले नाहीत. तिनं मान वर ओढायला सुरुवात केली, मास्क लावलेला असताना. आम्ही मशीन थांबवून आत धावलो, क्लिपा काढल्या, तिला काही लागलं नाही. ती उठली आणि चालत निघून गेली. परत यायला तिला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस माझ्यामुळे गेले असं मी आजही धरते. तिच्या नवऱ्याला आत बोलावून तिच्या भाषेत सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

तेव्हापासून पहिल्या दिवशी मी एक गोष्ट करतेच, आणि सोमवारी तुम्ही ती मागून घ्या. मास्क लावायचा, मशीन सुरू करायचं नाही. बाहेर जायचं, माइकवरून सांगायचं, "अप्पा, आता हात वर करा." त्यांनी हात वर केला की आत येऊन मास्क काढायचा. खरोखर काढायचा. मग पुन्हा लावायचा, पुन्हा बाहेर जायचं, आणि या वेळी त्यांना वाटेल तेव्हा हात वर करू द्यायचा. दोनदा-तीनदा. हात दिसल्यापासून जाळी निघेपर्यंत अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही, हे माणसाला स्वतःच्या अंगावर कळावं लागतं. तोंडी सांगून ते पोचत नाही, हे मी त्या बाईकडून शिकले. मधेच थांबवल्यानं काही बिघडत नाही हेही त्यांना सांगा. जितका शेक राहिला तितकाच नंतर मिळतो, जास्तीचा नाही. दार उघडलं तर मशीन आपोआप बंद पडतं. आत कॅमेरा असतो आणि आमची नजर पूर्ण वेळ स्क्रीनवर असते. घरी तुम्ही अहिराणी बोलत असाल तर तेही सांगा. माइकवरून "अप्पा, मी आठेच शे" (मी इथेच आहे) एवढं ऐकू आलं तरी मुठी सैल झालेल्या मी पाहिल्या आहेत.

शनिवार-रविवारी घरी सराव करा. बाजेवर नको, ती खोलगट असते. जमिनीवर सतरंजी टाका, उशी काढा, मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, हात अंगालगत. पहिल्यांदा चेहऱ्यावर काहीच नको, फक्त पाच मिनिटं न हलता. मग पातळ कोरडा पंचा चेहऱ्यावर, तोही त्यांनी स्वतःच ठेवायचा आणि स्वतःच काढायचा. एक मिनिट, मग तीन, मग पाच. ओला नको, बांधायचा तर अजिबात नाही, आणि तुम्ही शेजारी बसायचं. गळ्याला श्वासाची नळी असलेल्या पेशंटनं हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पंच्याखाली श्वास नाकानं चार आकडे मोजत आत आणि सहा आकडे मोजत हळू बाहेर. बाहेर सोडणं लांबलं की छातीतली धडधड उतरते. छाती फुगवून मोठमोठे श्वास मात्र घेऊ देऊ नका, त्यानं चक्कर येते आणि भीती वाढते.

मन कुठंतरी गुंतवावं लागतं. नामजप करणारे करतात, अप्पा माळकरी आहेत, त्यांना ते सहज जमेल. पण मला सगळ्यात लक्षात राहिलेत एक निवृत्त एसटी ड्रायव्हर. जिभेच्या मागचा कॅन्सर, ३५ शेक. पहिल्या दिवशी तेही उठायला लागले होते. त्यांनी अर्धी नोकरी चोपडा-जळगाव रस्त्यावर काढली होती. मी म्हटलं, बाबा, उद्या डोळे मिटले की गाडी काढा. दुसऱ्या दिवशी ते चोपडा आगारातून निघाले. अडावद, धानोरा, मग विदगावजवळचा तापीचा पूल. प्रत्येक थांब्याला कोण चढायचं, कोणत्या वळणाला कोणता गिअर, सगळं मनात. शेक झाला की मी क्लिपा काढताना विचारायची, "आज कुठपर्यंत?" ते म्हणायचे, "धानोरा सोडलं." हळूहळू त्यांना अंदाज आला की पूल आला म्हणजे शेक संपत आला. एके दिवशी मशीनमुळे उशीर झाला तर म्हणाले, "आज जळगाव स्टँडला लावून पण तू आली नाहीस." चेहऱ्यावर जाळीचे चौकोन उमटलेले, आणि हसत होते. ते चौकोन तासाभरात जातात, अप्पांना आरशात बघून दचकू देऊ नका.

गोळीबद्दल. डॉक्टरांना सोमवारच्या आधीच फोनवर विचारा, ऐन वेळी नको. बहुतेकदा सौम्य गोळी तासभर आधी घ्यायला देतात, आणि ती घेतली की त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं झोपेची गोळी आणून देऊ नका. "धीर यायला" म्हणून घोटभर दारू पाजून आणलेले पेशंट मी पाहिलेत. अशा माणसाला उताणं बांधून ठेवणं धोक्याचं आहे, उलटी झाली तर श्वासनलिकेत जाते. आम्ही त्यांना परत पाठवतो. तंबाखू नुकतीच सुटली असेल तर पहिले काही दिवस जी तगमग होते ती मास्कच्या भीतीत मिसळते. तगमग कशाची हे माणसालाही उमगत नाही. डॉक्टरांना तेही सांगा, त्यावरही औषध असतं. आणि मावा पुन्हा तोंडात जाऊ देऊ नका, शेक चालू असताना तर नाहीच.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून अडचण बदलते. तोंड येतं, लाळ चिकट, दोरीसारखी होते, उताणं पडलं की घशात साचते. तेव्हा मास्कची भीती गेलेला माणूसही पुन्हा घाबरतो, आणि घरच्यांना वाटतं जुनंच सुरू झालं. जुनं नसतं ते. आत जाण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेल्या मीठ-सोड्याच्या पाण्यानं चूळ भरा, खोकून घसा मोकळा करा, लागलं तर सक्शन (लाळ ओढून घेणारी नळी) मागा, मगच आडवे व्हा. दुखणं कमी करणारं औषध जेवणाआधी आणि शेकाआधी कधी घ्यायचं ते विचारून घ्या.

खाण्यावर मात्र जीव लावून लक्ष द्या, कारण त्याचा संबंध थेट मास्कशी आहे. वजन उतरलं की गाल बसतात आणि जाळी सैल होते. सैल जाळीत मान फिरते, मग नवा सीटी स्कॅन, नवा मास्क, नवं प्लॅनिंग, म्हणजे जे अप्पांना नको तेच पुन्हा. ठेचा, शेवभाजी, तिखट भरीत दोन-अडीच महिने बंद. मऊ खिचडी तुपासकट, दूध, अंडं चालत असेल तर तेही, वरणभात घोटून, आणि आपल्याकडे केळ्यांना तोटा नाही, पिकलेलं केळं दुधात कुस्करून दिवसातून दोनदा. आठवड्याला वजन करा आणि वहीत लिहा. जाळी ढिली वाटली तर अप्पांनी गप्प बसू नये. पुष्कळ लोकांना ढिली झाल्यावर बरं वाटतं, म्हणून सांगत नाहीत. सुजेमुळे उलट घट्ट झाली तर तेही सांगावं.

दाढी-मिशा मास्क केला त्या दिवशी जशा होत्या तशाच ठेवा. शेकाच्या जागी ब्लेड नको, हळद नको, तेल नको, बाम नको. उन्हात जाताना गळ्याभोवती सैल सुती उपरणं.

आणि खाडा नको. "आखाजीला चार दिवस जाऊन येतो", "कापूस वेचायला माणूस नाही" हे मी दर वर्षी ऐकते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त वेगानं वाढायला लागतात, त्यामुळे शेकाचे दिवस लांबले की फायदा कमी होतो. बुडालेला शेक शेवटी जोडून दिला तरी सगळी भरपाई होत नाही. भीतीमुळे एखादा दिवस अगदीच जमलं नाही तर घरी बसू नका, विभागात या. त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा प्रयत्न करता येतो.

हे सगळं करूनही नाहीच जमलं तर डोळे-नाक उघडं ठेवणारा मास्क आणि त्वचेवर कॅमेऱ्यानं लक्ष ठेवणारी यंत्रणा काही ठिकाणी असते. ती अप्पांच्या आजाराला चालेल का हे डॉक्टर सांगतील. गालाच्या आजारात हनुवटी धरणं बहुतेक वेळा लागतंच, म्हणून त्या आशेवर सोमवार पुढे ढकलू नका.

सोमवारी अर्धा तास आधी पोचा. बटणाचा सदरा घाला, डोक्यावरून काढायचा नको. रांगेत बसल्याबसल्या मास्क लावणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टला भेटा, मागच्या वेळी काय झालं ते सांगा, आणि अप्पांचा मास्क एकदा त्यांच्या हातात द्यायला सांगा. त्यांना तो उलटापालटा करू दे, भोकांतून बोट घालून बघू दे.

गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागेल, मान शेकाच्या वाटेत येते. पुष्कळ माळकऱ्यांना ते जड जातं आणि कुणी न विचारता ओढून काढली तर ते आतून तुटतात. तुम्हीच ती आधी उतरवा आणि त्यांच्या उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधा. हात वर करायचा तोच हात. खोलीतल्या मंद उजेडातसुद्धा ती माळ आम्हाला स्क्रीनवर लगेच दिसते.